ब्रिजचा हमबकर निवडताना: दौंड, ५० हर्ट्झ आणि दहा मीटरची केबल

मागच्या गणपतीत माझा मामेभाऊ एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. कार्यक्रम संपल्यावर तोंड पाडून आला. "ताई, माझं सोलो कुणाला ऐकूच गेलं नाही. पिकअप बदलायचाय. हा १६ किलोओहमचा आहे, एकदम हाय आउटपुट." सुट्टीत काम करून साठवलेले पैसे होते, आणि ते एकदाच खर्च होणार होते.

मी थांबवलं त्याला. कारण हीच चूक मी एमएस्सीला असताना केली आहे. आकडा मोठा म्हणून घेतला, आणि गिटार आधीपेक्षा जास्त घोगरी झाली. म्हणून आज माझ्या थिसिसचा विषय बाजूला ठेवून पिकअपवर लिहितेय. (गाईड वाचत नसतील अशी आशा.)

आधी मूळ गोष्ट. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची स्टीलची तार स्वतःही थोडी चुंबक बनते, ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज तयार होते. बारावीत शिकलेला फॅरडेचा नियम, बाकी काही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो, म्हणजे खरंतर बुलबुल तरंग, त्याच्या तारांचा आवाजही असाच पिकअप लावून स्पीकरपर्यंत नेतात.

अडचण अशी की वेढे फक्त तारेचंच ऐकत नाहीत. घरातल्या वायरिंगमधून, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारं ५० हर्ट्झचं क्षेत्रही ऐकतात, आणि त्याच्या पटीतलं १००, १५० हर्ट्झही. तोच तो घूंऽऽ आवाज. आमचं मामाचं घर दौंडला रुळांपासून फार लांब नाही. मनमाडकडची लाइन आणि सोलापूरकडची लाइन जिथे फुटते ते जंक्शन. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट, तेही ५० हर्ट्झचेच. त्यामुळे घरात सगळ्यांची खात्री होती की गिटारमधला घूं रेल्वेचाच. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा लाईट गेली. आम्ही बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प लावला, आणि घूं जवळजवळ गायब! रेल्वेची तार तर चालूच होती, गाड्या जात होत्या. म्हणजे गुन्हेगार घरातलाच: जुनं वायरिंग, आणि ॲम्पच्या शेजारी ठेवलेला स्टॅबिलायझर.

या घूंवरचा उपाय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी शोधला. २२ जून १९५५ ला पेटंटचा अर्ज, आणि २८ जुलै १९५९ ला पेटंट. मधल्या काळातल्या पिकअपवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर होतं, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. युक्ती अशी: एकाऐवजी दोन कॉइल शेजारी ठेवायच्या. दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरच्या घूंला चुंबकाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त वेढे उलटे दिसतात, म्हणून दोन कॉइलमधले घूं एकमेकांना खोडतात. तारेच्या सिग्नलला मात्र दोन्ही गोष्टी उलट्या मिळतात. उलट्याचं उलट म्हणजे सुलट, आणि सिग्नल जोडला जातो. इतकी साधी बेरीज-वजाबाकी. पण लक्षात ठेवा, हे फक्त चुंबकीय घूंला लागू आहे. अर्थिंग नीट नसेल किंवा गिटारच्या आत शिल्डिंग नसेल, तर महागातला महाग हमबकरही कुरकुर करणारच.

आता ब्रिजचं. सतारीला आपण जिला घोडी म्हणतो तोच हा ब्रिज. घोडीजवळ तार छेडली की आवाज कडक येतो हे वाजवणाऱ्याला माहीत असतं. पिकअपचंही तसंच. ६४८ मिलिमीटर लांबीची मोकळी तार घ्या. ब्रिजपासून ४० मिलिमीटरवर मूळ स्वराची हालचाल कमाल हालचालीच्या फक्त १९ टक्के असते. दुसऱ्या हार्मोनिकची ३८ टक्के, तिसऱ्याची ५५ टक्के. म्हणजे तिथे सिग्नल कमी आणि वरचे स्वर तुलनेने जास्त. म्हणूनच ब्रिजच्या पिकअपला बहुतेक वेळा नेकच्या पिकअपपेक्षा जास्त वेढे देतात. इथपर्यंत 'हाय आउटपुट' बरोबरच आहे.

पण बॉक्सवर छापलेला किलोओहमचा आकडा आउटपुट सांगत नाही. तो तारेचा रोध आहे. ४२ गेजची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, ४४ गेजची ०.०५ च्या आसपास. तेवढेच वेढे बारीक तारेने दिले तर रोध दीडपटीहून वाढतो, सिग्नल मात्र जवळपास तितकाच. जुन्या पीएएफमध्ये ४२ गेज आणि ७ ते ९ किलोओहम. आज प्रसिद्ध असलेला सेमर डंकनचा जेबी १६ किलोओहमच्या वर आहे, पण म्हणून तो दुप्पट जोरात नाही. चुंबक ॲल्निकोचा की सिरॅमिकचा, हेही आकड्यात दिसत नाही. दोन वेगळ्या मॉडेलचे किलोओहम शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे चपलेच्या नंबरावरून उंची ठरवणं.

खरा आकडा आहे इंडक्टन्स. वेढे वाढले की तो वाढतो, आणि केबलच्या कपॅसिटन्सबरोबर मिळून एक रेझोनन्स ठरवतो. त्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं कापलं जातं. मी भावाला कागदावर करून दाखवलं. पीएएफसारखा ४.५ हेन्रीचा पिकअप, केबलचे मीटरला १०० पिकोफॅरड, पिकअपचे स्वतःचे १००. तीन मीटरच्या केबलला रेझोनन्स येतो सुमारे ३७५० हर्ट्झ. दहा मीटरला, २२६०. आता ८ हेन्रीचा 'हॉट' पिकअप घ्या: तीन मीटरला २८१०, दहा मीटरला १७००. म्हणजे साधा पिकअप लांब केबलवर हॉट पिकअपहूनही घोगरा होतो, आणि हॉट पिकअप लांब केबलवर लावला तर गोधडीखालून वाजतोय असं वाटतं.

"तुझी केबल किती लांब?" मी विचारलं. दहा मीटर! स्टेजवर फिरता यावं म्हणून घेतलेली.

माझी तीन मीटरची लावली. पिकअपही थोडा खाली केला, कारण तो तारांना जवळजवळ चिकटला होता: शेवटच्या पट्टीवर तार दाबून दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर. खर्च शून्य. आवाज इतका उघडला की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली.

तरीही त्याला पिकअप लागणारच होता, पण वेगळ्या कारणासाठी. डिस्टॉर्शन वाढवलं की त्याचा जुना पिकअप शिट्टी मारायचा. कॉइल मेणात नीट बुडवलेली नसेल तर वेढे स्वतःच थरथरतात आणि स्पीकरचा आवाज परत उचलतात. आम्ही निवडला तो मेण भरलेला, ॲल्निको ५ चुंबकाचा, ४२ गेजचा, साडेआठ किलोओहमच्या आसपासचा. त्याच्या ऑर्केस्ट्रात एका तासात लावणी, जुनी सिनेमातली गाणी आणि दोन रॉक नंबर असतात, साफ आवाजही लागतो. फक्त मेटल वाजवणारा असता तर मी सिरॅमिकला नाही म्हटलं नसतं.

घेताना दोन गोष्टी मोजा. तुमच्या गिटारवर ब्रिजपाशी पहिली ते सहावी तार किती अंतर आहे: ५० मिलिमीटरच्या आसपास की ५३? पिकअप त्या मापाचा मागा. दुसरं, आतला व्हॉल्यूम पॉट. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये सहसा २५० किलोओहमचा असतो, तो हमबकरचा वरचा उजेड खातो. ५०० चा पॉट फार महाग नसतो. भावाच्या गिटारमध्ये २५० चाच निघाला.

डाग देताना वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. कंपनीचा कागद बघूनच जोडा. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला, तर फेज उलटी झालीय: हमबकरच्या गरम आणि अर्थच्या वायरी अदलाबदल करा, पण उघडी शिल्डची तार अर्थलाच ठेवा. आमचं पहिल्यांदा उलटंच झालं होतं. रात्री साडेअकराला दुसऱ्यांदा डाग दिला.