पन्नास राजधान्या आणि एक मात्रा

माझी भाची न्यू जर्सीत पाचवीत शिकते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तो रडवेल्या सुरातच. "मामा, सोमवारी परीक्षा आहे. पन्नास राज्ये नि पन्नास राजधान्या! मी न्यूयॉर्कची राजधानी न्यूयॉर्क म्हटले, तर सगळा वर्ग हसला."

यात पोरीचा दोष तो काय? न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. कॅलिफोर्नियाची लॉस एंजेलिस नव्हे, सॅक्रामेंटो. इलिनॉयची शिकागो नव्हे, स्प्रिंगफील्ड. सुमारे दोन-तृतीयांश राज्यांत सर्वांत मोठे शहर एक आणि राजधानी भलतीच. प्रतिनिधी घोड्यावरून येत त्या काळी ठिकाण मधले हवे असे. फ्लॉरिडात पेन्साकोला आणि सेंट ऑगस्टीन या दोन जुन्या गावांच्या दरम्यानचे म्हणून १८२४ साली टॅलाहासी ठरले.

पाठांतरासाठी तिकडे गाण्याचा आधार घेतात, हे ऐकून मला बरे वाटले. एकोणिसाव्या शतकातही तेथील शाळांतून भूगोल सुरावर म्हणवून घेत. १९९३ साली मुलांच्या एका व्यंगचित्रमालिकेने 'टर्की इन द स्ट्रॉ' या जुन्या धुनेवर सगळ्या राजधान्या बसवल्या. भाचीला ते गाणे तोंडपाठ होते. मी विचारले, "नेब्रास्काची?" ती गप्प. मग पहिल्यापासून गुणगुणू लागली!

हा दोष मी शिकवणीत रोज पाहतो. विद्यार्थी बंदीश मुखड्यापासून बिनचूक म्हणतो. अंतऱ्याच्या मधून उचल म्हटले, की अडतो. आमचे वडील दरबारी तालमीत तयार झालेले. ते मध्येच थांबवून वाटेल त्या मात्रेवरून उचलायला लावीत. मी तोच मार्ग धरला. नकाशा पुढे ठेवायला सांगितला आणि प्रश्न उलटसुलट विचारले. अध्यक्षांच्या नावांची चार शहरे एकत्र बांधली: नेब्रास्काचे लिंकन, मिसुरीचे जेफर्सन सिटी, विस्कॉन्सिनचे मॅडिसन, मिसिसिपीचे जॅक्सन. साउथ डकोटाची राजधानी वाचताना 'पिएर' वाटते, पण तेथील लोक 'पीअर' म्हणतात. ते नाव कानानेच घ्यावे लागते.

कनेक्टिकटवर मात्र गाडी अडली. "हार्टफर्ड लक्षातच राहत नाही, मामा."

मग मी तिला गोष्ट सांगितली. कनेक्टिकटला पूर्वी दोन राजधान्या होत्या, हार्टफर्ड आणि न्यू हेवन. १८७५ साली न्यू हेवनचा मान गेला. पुढे १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्याच न्यू हेवनच्या विल्यम बॉर्डन यांना आणून आपल्या राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवली.

क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग मामा, बडोदेही राजधानी होते ना?"

होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो मान गेला. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र राहिले, गाण्याची शाळा राहिली. राजधानीपण गेल्यावर गावाजवळ काय उरते, हे आपण बडोदेकर जाणतोच.

सोमवारी रात्री निरोप आला: पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस. हार्टफर्ड चुकले नव्हते.