उंचावरच्या मैदानात मुलींचा दम

2 ऑगस्ट 2025 रोजी महिलांच्या कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना क्विटोत झाला. इक्वेडोरची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,800 मीटर उंचीवर आहे. ब्राझील आणि कोलंबियाच्या मुली तिथे 120 मिनिटं खेळल्या, 4-4 अशी बरोबरी झाली आणि ब्राझील पेनल्टीवर जिंकलं. विरळ हवेत बायकांना असा खेळ झेपत नाही, असं मानणाऱ्यांनी हा सामना जरूर पाहावा.

उंचावर हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी घटते, हा सर्रास आढळणारा समज. टक्केवारी तिथेही 21च्या आसपासच असते. घटतो तो हवेचा दाब. समुद्रकाठच्या तुलनेत बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये तो जेमतेम 65 टक्के भरतो. त्यामुळे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो.

म्हणून खेळाडूचा वेग मंदावतो का? एकाच धावेपुरता नाही. 2,240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत 1968च्या ऑलिंपिकमध्ये वायोमिया टायसने 100 मीटरचा विश्वविक्रम केला. विरळ हवा अंगाला कमी अडवते आणि छोट्या धावेची ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या साठ्यातून येते. पण तो साठा पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो, आणि फुटबॉलमध्ये खरी अडचण इथेच आहे. कडेने मुसंडी मारलेली विंगर बचावाला परत धावते, आणि दम खाली बसायच्या आत पुढची धाव समोर उभी राहते. अमेरिकेतल्या विद्यापीठीय महिला संघावरचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 1,800 मीटर उंचीवरच्या सामन्यात या खेळाडूंचं दर मिनिटाचं एकूण अंतर आणि वेगवान धावणं, दोन्ही घटलेलं दिसलं. म्हणून अशा मैदानात पूर्ण वेळ प्रेसिंग, म्हणजे चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्यावर सतत धावून जाणं, करायला लावणं मला चुकीचं वाटतं. चेंडू जास्त वेळ आपल्याकडे ठेवावा, बदली खेळाडू लवकर उतरवावेत. चेंडूही तिथे वेगाने जातो आणि कमी वळतो, त्यामुळे गोलकीपरला वेगळा सराव हवाच.

मुलींना उंची पुरुषांपेक्षा जास्त बाधते, यालाही आधार नाही. स्त्रियांचं हिमोग्लोबिन सरासरीने साधारण 12 टक्क्यांनी कमी असतं, पण स्वतःच्या नेहमीच्या क्षमतेत होणारी घट दोघांचीही जवळपास सारखीच असते. जून 2017 मध्ये तर महिलांनी किलिमांजारोवर 5,714 मीटर उंचीवर पूर्ण 90 मिनिटांचा सामना खेळला.

डोंगरातला संघ उंचावरच्या मैदानावर जिंकणारच, असंही नाही. 1971 मध्ये मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर, लाखभर प्रेक्षकांसमोर, डेन्मार्कच्या मुलींनी मेक्सिकोला 3-0 हरवलं. तिन्ही गोल 15 वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनचे. ज्या देशातली सर्वांत उंच टेकडी 170 मीटरची, तिथल्या या मुली! 2025च्या कोपा अमेरिकेतही यजमान इक्वेडोर आणि डोंगराळ बोलिव्हिया, दोघेही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले नाहीत.

तंदुरुस्त खेळाडूला विरळ हवेचा त्रास होत नाही, हा समज मात्र धोकादायक आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हा त्रास उत्तम दमाच्या खेळाडूलाही गाठतो. दोन-तीन दिवस आधी पोहोचून भागतं, हेही खरं नाही. सुरुवातीला हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते रक्तातलं पाणी घटल्यामुळे. तांबड्या पेशी खरोखर वाढायला आठवडे लागतात.

आणि त्या वाढायला लोह लागतं. मासिक पाळीत ते दर महिन्याला जातं, म्हणून मुलींच्या बाबतीत हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा प्रशिक्षकांनो आणि पालकांनो, मुलींचा संघ लेहला किंवा सिक्कीमला न्यायचा असेल तर दीड-दोन महिने आधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्या.