ठराविक उत्तरांचा साचा

तुमसर हे धानाच्या व्यापाराचे मोठे ठिकाण होय. त्या भागातील जे शेतकरी घरचा तांदूळ परस्पर गिऱ्हाइकांस विकतात, त्यांस ई-मेलने तेच ते प्रश्न येतात : वाण चिन्नोर की एचएमटी, तांदूळ नवा की जुना, भाडे कोणी द्यावयाचे? रोवणीच्या दिवसांत प्रत्येकास नव्याने लिहिणे घडत नाही; पत्र पडून राहते व गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

ह्यावरील युक्ती जुनीच आहे. तारखात्याने शुभेच्छांची वाक्ये क्रमांकवार ठरविली होती. पाठविणाऱ्याने केवळ क्रमांक द्यावा, की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता जीमेलमध्ये तशीच सोय आहे. संगणकावर सेटिंग्जच्या 'प्रगत' भागात 'टेम्पलेट' सुरू करावे, आणि उत्तर एकदा विचारपूर्वक लिहून साठवावे. उदाहरणार्थ :

"आपले पत्र पोहोचले. तांदूळ जुना असल्याने शिजविताना पाणी अधिक घालावे. आजचा भाव ____. शिल्लक माल ____."

कोऱ्या जागांविषयी आमचे आग्रहाचे सांगणे आहे. भाव, शिल्लक व पोहोचण्याचा दिवस साच्यात कधीही लिहून ठेवू नयेत. दर वेळी हाताने भरावेत. गतमहिन्याचा भाव चुकून गेला, तर तोटा सोसावा लागतो किंवा दिलेला शब्द मोडावा लागतो. तसेच तक्रारीच्या पत्रास साचा लावू नये. ज्याचा माल खराब निघाला, त्यास आपले पत्र कोणी वाचले एवढे तरी कळले पाहिजे.