पोरीला आवरा म्हणणाऱ्यांना

आमच्या सात वर्षांच्या लेकीचे तोंड वंदनेतही बंद नसते. भावाच्या ताटात मटणाचा तुकडा जास्त पडला, की ती मोजून मागते. नातलग म्हणतात, पोरगी आगाऊ आहे, आवरा! का आवरायचे? मल्लिकाराणीला मुलगी झाली म्हणून पसेनदी राजा खट्टू झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते, असे तथागतांनी त्याला सुनावले. (संयुत्त निकायात आहे, वाचावे.) हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळायला मात्र २००५ उजाडले. आणि आज? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे चालणारे भाऊच बहिणींना हक्कसोडपत्रासाठी आम्हा वकिलांकडे घेऊन येतात. बहीण मान खाली घालून विचारते, "सही कुठे करू?" तिलाही लहानपणी कुणीतरी आवरलेच असणार.