तुटलेले रस्ते आणि आपल्या वस्त्या

गावकुसाबाहेरच्या वाड्याला गावाशी जोडणारी वाट बहुधा एकच असे. ती एकच का, हे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही. शहरात रस्ता सर्वांचा, असा आपला समज. पण शहर पसरते तसे त्याचे रस्तेही तुटत जातात, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

रस्त्यांचे जोडलेपण मोजता येते. चौकात चार वाटा मिळतात, तिठ्यावर तीन, बंद बोळाच्या टोकाला एकच. या साऱ्यांची सरासरी काढली की शहर मोकळे की कोंडलेले, ते कळते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याचा भाग आखला, तो रस्त्यांसकट. म्हणून तिथे कुठूनही कुठे जायला अनेक वाटा आहेत. आजच्या वाढीत मात्र ज्याची जमीन त्याचा लेआउट. शेताचे गुंठे पडतात आणि बांधाशी रस्ता संपतो. शेजारची सोसायटी भिंत घालते, फाटकावर पहारेकरी बसवते.

हे केवळ आपल्याकडेच नाही. अमेरिकेत मोटारीच्या जोरावर बंद रस्ते वाढत गेले. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी २०१५ साली दाखवून दिले की, तिथली ही लाट १९९४ च्या सुमारास ओसरू लागली. २०२० साली त्यांनीच जगभरचे रस्ते तपासले, तेव्हा १९७५ पासून बहुतेक देशांत नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेल्याचे आढळले.

याची किंमत कोण मोजतो? मोटारवाल्याला वळसा दोन मिनिटांचा. मी राहतो त्या वस्तीची शाळा एका भिंतीपलीकडे आहे. भिंत नव्हती तेव्हा पोरे पाच मिनिटांत पोचत, आता अर्धा तास चालतात. धुणीभांडी करणाऱ्या बायाही त्याच वळशाने भिंतीआड कामाला जातात. त्यांचे श्रम आत चालतात, त्यांची वाट चालत नाही.

इमारती पडतात, रस्ते टिकतात. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, पण पुन्हा उभे राहिले ते बव्हंशी जुन्याच रस्त्यांवर. म्हणून विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा आपण फक्त घरे आणि आरक्षणे पाहून थांबता कामा नये. आपल्या वस्तीतून किती वाटा बाहेर पडतात, हे नकाशावर बोट ठेवून मोजले पाहिजे. एकच निघाली, तर हरकत लेखी नोंदवली पाहिजे. मुदत संपल्यावर केलेली तक्रार भिंतीला ऐकू जात नाही.