मोहोळचा अर्ज आणि गांजाचा भाव

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याही पिकाला भाव नाही, कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, असे त्याचे म्हणणे होते. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजून लागवड करू, असेही त्याने कळविले. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवून लागवड झाल्यास गुन्हा नोंदविण्याचा इशारा दिला. कायद्यान्वये दुसरे उत्तर शक्यही नव्हते. तथापि हा अर्ज हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये या झाडाच्या बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा वा फळे आलेले शेंडे; नुसती पाने तीत येत नाहीत. म्हणूनच भांगेचे नियंत्रण राज्यांकडे राहिले आहे.

एके काळी हेच पीक आपल्याकडे राजरोस निघत असे. तत्कालीन अहमदनगर जिल्हा हे मुंबई इलाख्यातील त्याचे प्रमुख क्षेत्र होते. मादी झाडांच्या शेंड्यांत राळ भरावी म्हणून शेतकरी नर झाडे वेचून उपटून टाकीत. १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून, माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, सबब बंदीऐवजी परवाने व कर असावेत, असा निष्कर्ष काढला. बंदी उठविण्याचे पुरस्कर्ते आजही त्याचा दाखला देतात. कॅनडाने २०१८ मध्ये व जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना मोकळीक दिली, हेही ते सांगतात. उलट पक्षी, कोवळ्या वयात लागलेल्या या व्यसनाचा स्मरणशक्तीवर व मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राने नोंदविला आहे. शिक्षकांना तो वर्गात दिसतोही.

परंतु मोहोळच्या अर्जाचा मुद्दा सेवनाचा नसून भावाचा होता, आणि नेमका तोच या वादात दुर्लक्षित राहतो. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगराळ भागातला माल हैदराबाद-सोलापूर मार्गाने पुण्या-मुंबईकडे जातो. वाटेत प्रत्येक हात तुरुंगाची जोखीम किमतीत मिळवितो. शेतकऱ्याला दिसतो तो हा जोखमीचा भाव. बंदी उठली की ती भर नाहीशी होते व उरते कोठेही सहज वाढणाऱ्या झुडपाची किंमत. थायलंडने जून २०२२ मध्ये मोकळीक देताच माल अमाप झाला, भाव कोसळले आणि २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. उसाच्या थकलेल्या बिलाचा प्रश्न गांजाने सुटला असता, असे म्हणणे त्यामुळे कठीण आहे.

तंतू व बियांसाठी लागवडीस मुभा देण्याचा अधिकार मात्र याच अधिनियमाच्या कलम १४ ने शासनास दिला आहे. उत्तराखंडने २०१८ पासून अत्यल्प मादकांशाच्या वाणांना परवाने दिले. ती वाट अर्थातच संथ आहे.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने कलम ४७ महत्त्वाचे. बेकायदा लागवड लक्षात येताच पोलिसांना अथवा अन्य प्राधिकृत अधिकाऱ्यास तत्काळ कळविणे हे पंच, सरपंच व प्रत्येक शासकीय अधिकाऱ्याचे कर्तव्य असून त्यात कसूर करणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.