नसलेल्या बेटाचं पाणी

काल्पनिक जगाचा नकाशा काढायला बसलं की हात आधी डोंगर काढतो. शाळेत असताना बोरिवलीच्या घरात ड्रॉइंग पेपरवर मी जे बेट काढलं, त्यातही मधोमध करवतीच्या दात्यांसारखी डोंगररांग होती, पायथ्याशी राजधानी आणि चारी बाजूंनी निळा खडू. ते बेट अजून चालू आहे. कागद बदलले, खडू जाऊन बारीक टोकाचं पेन आलं, राजघराणी बुडाली. पण इतक्या वर्षांत नकाशात खरी दुरुस्ती झाली ती पाण्याची.

या नादाला थोर पूर्वज आहेत. १८८१मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी स्टीव्हन्सनने सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ निघाली. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. मग लिहून झालेलं पुस्तक समोर ठेवून, त्यातल्या एकेका उल्लेखाशी जुळवत नवा आखावा लागला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा १९५४चा नकाशा टोलकीनच्या मुलाने, क्रिस्टोफरने काढला आणि १९८०मध्ये त्यानेच तो पुन्हा काढला. मधल्या काळात चित्रकार पॉलीन बेन्ससाठी खुद्द टोलकीनने एका छापील प्रतीवर टिपणं केली होती: हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरावं, मिनास तिरिथ इटलीतल्या रॅव्हेनाच्या. एवढ्यावर चित्रकाराला हवा कळते, झाडं कळतात.

मला अक्षांश शोधत लांब जावं लागलं नाही. साष्टी पायाखालीच होती. अंधेरीहून दहिसरकडे जाताना ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या आपण ओलांडतो आणि नाला समजून नाक मुरडतो. तिन्ही पूर्वेच्या डोंगरातून निघून पश्चिमेच्या खाड्यांकडे जातात. पलीकडे मुलुंड-भांडुपला उतरणारे ओहोळ आखूड, थेट ठाण्याच्या खाडीच्या दिशेने. मिठी दक्षिणेला, विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमपर्यंत. डोंगर एकच, पण प्रत्येक अंगाचं पाणी वेगळ्या स्वभावाचं. हे नीट पाहिल्यावर राजधानी पायथ्याला ठेवण्यात अर्थ राहिला नाही. ती खाडीच्या मुखाशी गेली, कोळीवाड्याला खेटून.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरून पाऊस, खालून भरती, आणि मधे बुजवलेली खाजणं. त्यानंतरच्या प्रतीत खाडीच्या दोन्ही अंगांना तुटक रेष आली: पूररेषा. अशा नकाशांत ड्रॅगन हमखास असतात, पूररेषा मी तरी कुठे पाहिलेली नाही. या एका रेषेने बेटाचं राजकारण बदललं. रेषेच्या आत कोण राहतं आणि वर कोण, हे ठरल्यावर गोष्टी सुचायला वेगळे कष्ट पडेनात.

डोंगरावरच्या गडाचं कोडं कान्हेरीने सोडवलं. माथ्यावर नदी आणता येत नाही, पण तिथल्या भिक्षूंनी कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलं होतं. आता माझ्या प्रत्येक गडाशेजारी छोटा चौकोन असतो. चौकोन नसेल तो गड चार महिन्यांत पडणार, हे सूचीत लिहिलेलं नाही, वाचणाऱ्याने ओळखावं.

काम करायची रीतही बदलली. जुन्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर, आधी शिखरं, मग पाणलोटाच्या सीमा, मग ओहोळ. गावं सगळ्यात शेवटी. पूर्वी नावं भारदस्त असत, जोडाक्षरांनी जड. आता पाडे आहेत, वाड्या आहेत. राजाच्या नावाचा पाडा मात्र एकही नाही.

सध्या पूर्व किनारा अडला आहे. तिथे भांडुप-मुलुंडसारखी मिठागरं हवीत. मिठागर म्हटलं की बांध आला, भरतीचं पाणी आत घ्यायला उघडझाप आली, आणि तयार मीठ डोंगरापलीकडे न्यायला वाट. ती वाट ज्या खिंडीतून जाईल तिथे जुन्या प्रतीत एक देऊळ आहे. देऊळ हलवायचं की खिंड, हे अजून ठरत नाही.